गाडीसाठी पैसे मागितले की लोक गप्प का होतात?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरात मदतीची आवाहनं येतात ती मी नेहमी वाचते, कोणाचं ऑपरेशन, कोणाची औषधं, कोणाची फी, आणि लोक खरंच भरभरून देतात, वाचून बरं वाटतं. पण व्हीलचेअर आत जाईल अशा गाडीसाठी कोणी पैसे मागितले की हीच दिलदार माणसं एकदम गप्प होतात. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही सध्या अशाच गाडीचे पैसे जमवतोय, म्हणून हे सारखं ऐकायला मिळतंय. "गाडी कशाला, टॅक्सी करा ना", "आमच्याकडेच अजून गाडी नाही", "उपचारासाठी असते तर दिले असते". लोक वाईट नाहीत हो, त्यांना फक्त ही गाडी म्हणजे चैन वाटते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय.

भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. त्याची चेअर बॅटरीवर चालणारी, सीट मागे झुकणारी, ती घडी करून डिकीत टाकता येत नाही आणि अशा चेअरचं वजन बॅटऱ्या धरून सहज 100 किलोच्या वर जातं. म्हणजे टॅक्सी केली तरी चेअर घरी ठेवायची आणि त्याला उचलून सीटवर बसवायचं. आता या आजारात खांद्याचे स्नायू इतके सैल होतात की काखेत हात घालून उचललं तर माणूस खाली सटकतो, खांदा दुखावतो, आणि उचलणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच, आईची गेलीच आहे. बरं कसंबसं बसवलं तरी त्याच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, स्वतःच्या चेअरचा आधार नसला की तो थोड्या वेळात एका बाजूला कलतो. आणि पोचल्यावर काय? चेअर तर घरी. तिथे त्याला बसवलं तिथेच बसून राहायचं, कोणीतरी परत उचलेपर्यंत. 27 वर्षांच्या मुलाला हे कसं वाटत असेल याचा विचार करा.

लोकांना वाटतं एक फळी लावली की झालं काम. तसं नसतं. चेअरवर बसल्यावर डोकं जमिनीपासून किती उंच येतं ते मोजावं लागतं, तेवढी उंची दारात पाहिजे आणि आतही पाहिजे, नाहीतर गाडीचा तळ कापून खाली घ्यावा लागतो. रॅम्प फार उभा झाला तर जड चेअर मागे कलंडू शकते. मग चेअर चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाला बांधायची आणि माणसाला खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा वेगळा सीटबेल्ट लावायचा, तो गाडीला बसवलेला असतो, चेअरला जो पट्टा असतो तो फक्त नीट बसण्यासाठी, अपघातात तो धरून ठेवेल या भरवशावर राहू नका. चेअरसुद्धा गाडीत बसून जायला योग्य आहे का ते विचारावं लागतं, त्यासाठी आयएसओ 7176-19 असं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ताशी 48 किलोमीटर वेगाने समोरून धडक बसल्यासारखी चाचणी घेतात. म्हणून आमच्या आवाहनातला आकडा बघून लोक दचकतात, पण त्यातला मोठा हिस्सा या बदलाचा आहे, नुसत्या गाडीचा नाही. आम्ही कोटेशन सगळ्यांना दाखवतो, गाडीचे वेगळे, रॅम्प-पट्ट्यांचे वेगळे, विमा आणि रॅम्पच्या सर्व्हिसिंगचेही वेगळे. खातं फक्त याच कामाचं आहे, पैसे उरले तर कुठे जातील तेही आधीच लिहून ठेवलंय. जे कोणी अशी मदत मागतात त्यांनी एवढं करावंच असं मला वाटतं, लोकांचा घामाचा पैसा असतो. आणि देणाऱ्यांनी हिशोब जरूर विचारावा, आम्हाला त्याचा राग येत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं की फोटो जरा केविलवाणा टाका, पलंगावर पडलेला वगैरे, मग पैसे येतील. भावाने साफ नाही म्हटलं. आवाहन त्याने स्वतः लिहिलं, त्यात दवाखाना एका ओळीत आहे आणि बाकी सगळं मित्राकडे जायचंय, कामाच्या मीटिंगला प्रत्यक्ष बसायचंय, समुद्र बघायचाय, असं. एका ओळखीच्यांनी सल्ला दिला की समुद्राचं काढून टाका, लोकांना पटणार नाही. का पटू नये? संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार 2006 सालचा आहे, त्याच्या 20व्या कलमात माणसाला स्वतःला हवं तसं, हव्या त्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात फिरता यावं यासाठी मदत करा असं म्हटलंय. फक्त दवाखान्यात जाण्यापुरतं, असं त्यात कुठेही नाही. समुद्र आम्ही आवाहनात ठेवलाय.

तुम्हाला एक विनंती आहे. मदतीच्या आवाहनांमध्ये अशा गाडीची मागणी आली तर ऑपरेशनच्या शेजारीच छापा, आणि त्या माणसाला बोलता-लिहिता येत असेल तर त्याच्याच शब्दात छापा. अजून एक, अशा बदल केलेल्या गाड्या कित्येकदा वापरणारी व्यक्ती गेल्यावर किंवा चेअर बदलल्यावर तशाच उभ्या राहतात, घरच्यांना विकायला जीव होत नाही आणि कोणाला द्यायची ते कळत नाही. त्यांच्यासाठी पेपरात एक छोटी जागा ठेवता आली तर बघा. गाडी देणाऱ्याने दाराची उंची, आतली उंची, रॅम्पची रुंदी आणि रॅम्प किती वजन पेलतो एवढं कळवलं तरी घेणाऱ्याला घरबसल्या समजेल की आपली चेअर त्यात बसते की नाही.

आपली,
एक वाचक