पिनाकाच्या आठ चाकांबद्दल, काकांना

तीर्थस्वरूप काकांना, साष्टांग नमस्कार.

पिनाकाचं, म्हणजे आपल्या लष्कराच्या रॉकेट सोडणाऱ्या गाडीचं, मॉडेल पूर्ण झालं. फोटो तुम्ही पाहिलेतच. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण जो तो कौतुक माझं करतोय आणि त्यातला तुमचा वाटा कुणाला ठाऊक नाही.

पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत जन्मलेली, १९९९ मध्ये कारगिलला चाचणीसाठी नेलेली ही तोफखान्याची गाडी पुण्यातल्या माणसाने हाताने घडवावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. १:३५ मापात, सगळं स्टायरीन प्लॅस्टिकच्या शीट आणि नळ्यांमधून. हाताशी होते ते फक्त प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे फोटो. तुम्ही ईएमईत, लष्कराच्या दुरुस्ती विभागात, पिनाका ज्यावर बसवतात त्या टाट्रा ट्रकांखाली आयुष्य काढलेलं, तरी पहिल्याच भेटीत बजावलंत, "परेडमध्ये जे लोकांना दिसतं, तेवढंच बोलणार." तो शब्द तुम्ही शेवटपर्यंत पाळलात. त्याचा मला फार आदर वाटतो.

आणि तेवढ्यातच केवढं दिलंत! २१४ मिलिमीटर हे रॉकेटचं माप, म्हणजे आपल्या मापात सहा मिलिमीटरच्या जरा वर. नळी त्याहून मोठी हवी, कारण रॉकेट आत जायचंय. त्या एका आकड्यावरून फोटोतली बाकीची मापं काढायला तुम्ही शिकवलंत. सहा-सहा नळ्यांचे दोन पॉड मग भराभर झाले.

खरा वेळ गेला तो चाकांवर. टाट्राला आडवा अखंड अ‍ॅक्सल नसतो. मधून एक जाड नळी जाते, तिच्या दोन्ही बाजूंना अर्धे अ‍ॅक्सल पंखांसारखे वेगवेगळे वरखाली होतात. वजन हलकं झालं की चाकांची खालची बाजू आत ओढली जाते. मला गाडी जॅक टेकवून, मारा करायच्या तयारीत दाखवायची होती. तुम्ही म्हणालात, "मग चाकं ताठ कशी राहतील?" जमिनीवर उकिडवं बसून दोन्ही हातांनी तुम्ही तो झोक दाखवलात, तेव्हा कुठे मला चेसिस समजली. एक चाक तुम्ही स्वतः लेथवर काढून दिलंत, खाचांसकट. त्यावरून सिलिकॉनचा साचा करून आठही चाकं रेझिनमध्ये ओतली. स्टिअरिंगही डावीकडेच बसवलंय, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

४४ सेकंदांत बारा रॉकेटं सोडणारी ती गाडी माझ्या टेबलावर आता खरोखर भार पेलून उभी आहे असं वाटतं. हे तुमच्यामुळे. मनापासून आभार, काका.

पुढे तिला रॉकेटं भरणारी, क्रेनवाली गाडी करायला घेतोय. दिवाळीत साताऱ्याला येतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपला नम्र,
पुण्याचा मॉडेलवाला