माझ्या कमरेचं माप कोण घेणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात ब्लाउज शिवते. २००९ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. नाव लिहीत नाही. गल्लीला माहीत नाही आणि माहीत व्हायची गरजही नाही.

दर तीन महिन्यांनी एआरटी सेंटरला जाते. चप्पल काढून काट्यावर उभी राहते, आकडा कार्डावर चढतो. मग चार प्रश्न: खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन कमी झालंय का. टीबी हुडकायला हे विचारायलाच हवेत. मी चारही वेळा ‘नाही’ म्हणते आणि गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत टाकून एसटी पकडते. २०२१ मध्ये माझी गोळी बदलली तेव्हा वजन ५२ किलो होतं. मागच्या तारखेला ६७ भरलं. सगळे आकडे एकाच कार्डावर एकाखाली एक आहेत, पण आजवर त्यावर कुणी बोट ठेवून ‘ताई, हे काय?’ असं विचारलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला आनंदच झाला होता. पहिली काही वर्षं स्टॅव्ह्युडिन हे जुनं औषध होतं. गाल बसले, पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या. गावात हा आजार तेव्हा बाईच्या गालांवरून ओळखायचे. त्यामुळे जाऊ जेव्हा ‘बरी भरलीस गं आता’ म्हणाली, तेव्हा मी आरशात दोनदा पाहिलं. पुढे ब्लाउजांची माया उसवली. वर्षभरानं पुन्हा उसवली. आता उसवायला मायाच उरली नाही.

मुलगी कोल्हापूरला शिकते. तिनं शोधून वाचून दाखवलं. आम्हाला मिळते त्या गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्राविर असतं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला १,०५३ जणांवर झालेली ॲडव्हान्स नावाची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४८ आठवड्यांत याच धर्तीच्या औषधांवर बायकांचं वजन सरासरी ३.२ किलोनं वाढलं, डॉल्युटेग्राविरच्या आधी मिळायच्या त्या एफाविरेंझवर १.७ किलोनं. टेनोफोविरचा नवा प्रकार, टीएएफ, त्यात घातला तिथं ६.४ किलोनं. पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त वाढलं. एफाविरेंझ स्वतःच वजन दाबून धरत असे, ते सुटल्यावरही काटा चढतो. माझे पंधरा किलो एकट्या गोळीचे नाहीत, एवढं मला कळतं. दिवसभर मशिनवर बसते, पाळी जायचं वय आहे, आणि पूर्वी सेंटरवरच सांगितलेलं ‘अंडी खा, दूध प्या, शेंगदाण्याचे लाडू खा’ मी अजून पाळते. वजन उतरणाऱ्यांसाठीचा तो सल्ला होता. तो बदलला असेल तर मला कुणी सांगितलेलं नाही.

गोळी बदला असं मी म्हणत नाही. ती चांगली आहे. रोज एकच, एफाविरेंझची चक्कर नाही, भलती स्वप्नं नाहीत, तपासणीत रक्तात विषाणू (व्हायरल लोड) सापडत नाही. २००४ पासून सरकार हे औषध फुकट देतं म्हणून मी हे पत्र लिहायला जिवंत आहे. भीती वेगळीच आहे. आमच्यातली एक पोरगी, तिशीतली, दुसऱ्या लग्नाचं बघत होती. गोळीनं जाडी वाढते असं तिनं कुठूनतरी ऐकलं आणि एक दिवसाआड घ्यायला लागली. सहा महिन्यांनी रिपोर्ट बिघडला तेव्हा कळलं. तिच्याशी आधी वजनावर मोकळं बोललं गेलं असतं, तर ही वेळ आली नसती असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट साखरेची. वजनामागून साखर येते. मग माणूस गावातल्या दवाखान्यात जातो आणि तिथं आमचा आजार सांगत नाही. डॉक्टर मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, लिहून देतात. डॉल्युटेग्राविर सोबत असेल तर मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते दिवसाला सहसा १,००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. हे त्या डॉक्टरांना कळणार कसं? आणि जिल्हा रुग्णालयातल्या शुगर-बीपीच्या खोलीत ‘तुम्ही एआरटीच्या ना?’ असं मोठ्यानं विचारलं, की २०१७ चा एचआयव्ही कायदा भिंतीवरच राहतो. संमतीशिवाय आमचं स्टेटस उघड करायचं नाही असं त्यात स्पष्ट आहे.

म्हणून माझं मागणं असं. राज्यात आम्ही चार लाखांच्या घरात आहोत. शुगर, बीपी आणि कंबर आमच्या सेंटरवरच, त्याच तारखेला, त्याच कार्डावर पाहा. दुसऱ्या खिडकीवर पाठवू नका. मेटफॉर्मिन लागलंच तर ते आमचा आजार माहीत असलेल्या डॉक्टरांच्या हातून मिळू दे. समुपदेशक ताईंना नव्या आहाराचं प्रशिक्षण द्या, भाकरी-आमटी-भात खाणाऱ्यांना झेपेल असं. सॅलड सांगू नका. आणि त्या चार प्रश्नांत पाचवा घाला: वजन वाढलंय का?

भारतीय बाईसाठी कमरेची धोक्याची रेघ ८० सेंटिमीटरला आहे, पुरुषासाठी ९० ला. माझ्या भाषेत साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. माझं मीच परवा घेतलं, छत्तीस भरलं. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. टेप माझ्या गळ्यात असतेच, मी घेऊन येते.

आपली,
एक शिलाईवाली