दुसरी गिटार निवडून दिलीत, काका

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

दुसरी गिटार घ्यायची आहे म्हटल्यावर तुम्ही राजारामपुरीतल्या दुकानात एकही गिटार खाली उतरवली नाहीत. आधी विचारलंत, "पहिलीवर काय जमत नाही?" या प्रश्नाबद्दल आमचा सगळा ग्रुप तुमचा मनापासून आभारी आहे. इतर कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

आमची पहिली ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद अंगाची गिटार. स्प्रूस लाकडाचा टॉप (वरची फळी), २५.४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), ४३ मिलिमीटर रुंदीचा नट (नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाला तारा टेकतात ती पट्टी). कॉर्ड धरून गाण्याला साथ द्यायला ती उत्तमच. पण बोटांनी एकेक तार छेडायला घेतली की खर्ज वरच्या सुरांवर चढून बसतो आणि नटाजवळ बोटं एकमेकांना अडतात. अशा वेळी आणखी महागडी ड्रेडनॉट घेणं म्हणजे तोच आवाज पुन्हा विकत घेणं, हे तुम्ही दुकानदार असून स्पष्ट सांगितलंत.

तुम्ही काढून दिलीत ती कमरेला बारीक, ट्रिपल-ओ आकाराची (ड्रेडनॉटपेक्षा लहान), महोगनी टॉपची. स्केल २४.९ इंच, नट ४४.५ मिलिमीटर. स्केल आखूड असल्यामुळे त्याच जाडीच्या तारांचा ताण कमी पडतो आणि बोटांना त्रास होत नाही. मात्र सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी या सुरांत खाली उतरवून लावायच्या असतील तर ०.०११ चा सेट (सगळ्यात बारीक तारेची इंचातली जाडी) ढिला पडून झणझणतो, ०.०१२ चाच लावायचा, हेही तुम्ही आठवणीने बजावलंत. दोघी एकत्र वाजवायच्या तर पहिलीवर मोकळा जी कॉर्ड आणि दुसरीवर पाचव्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, लावून डी कॉर्डचा आकार. सूर तोच, पण दोघींच्या जागा वेगळ्या. हे ऐकल्यावर निवड आपोआप झाली.

गिटार तपासायची तुमची पद्धत तर प्रत्येकाने शिकून घ्यावी. दोन्हींवर एकाच जाडीच्या नव्या तारा, नाहीतर तुलना गिटारींची न होता तारांची होते. वाजवणारा दुसरा आणि ऐकणारे आपण, समोर बसून. मग पहिल्या फ्रेटला कॅपो, सहावी तार चौदाव्याला दाबलेली आणि सातव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघायची: ०.२ ते ०.३ मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन. ही उंची अर्धा मिलिमीटर उतरवायला सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, एक मिलिमीटर घासावं लागतं. म्हणून जुन्या गिटारीत तारा उंच आणि सॅडल आधीच घासून संपत आलेलं दिसलं तर ती सोडून द्यायची, कारण तिथे नेकच उतरवून पुन्हा बसवावा लागतो आणि तो खर्च परवडत नाही. ब्रिजच्या (टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेला तुम्ही कागदाची पट्टी सरकवून बघितलीत. एका गिटारीत ती अलगद आत गेली, म्हणजे ब्रिज सुटायला लागलाय. तुम्ही न बोलता ती गिटार बाजूला ठेवलीत.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते आपल्या कोल्हापूरच्या पावसाबद्दल. जुलैत लाकूड दमट हवा पिऊन फुगतं, टॉप वर येतो, तारा उंच वाटतात आणि लोक घाईने सॅडल घासून आणतात. मार्च-एप्रिलमध्ये तेच लाकूड आकसतं, तारा खाली बसतात आणि गिटार झणझणायला लागते. त्यापेक्षा दोन सॅडल करून ठेवायची, पावसाळ्याचं कमी उंचीचं आणि उन्हाळ्याचं थोडं उंच. केसमध्ये छोटं आर्द्रतामापक, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघायचं, पावसात सिलिका जेलच्या पुड्या. नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटांना लागायला लागली की समजायचं, लाकूड कोरडं पडलंय.

उंच सॅडल तुम्ही गिटारीबरोबरच दिलंत. कमी उंचीचं करून घ्यायला मृगाच्या आत दोन्ही गिटारी घेऊन येतो.

आपले कृतज्ञ,
रंकाळ्यावर संध्याकाळी वाजवणारे आम्ही सगळे