अनोळखी फुलाची ओळख पानावरून पटते

संपादक महोदय,

वळवाचे एक-दोन पाऊस पडले की परसात आणि कुंड्यांत कोणी न लावलेली फुले उगवतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘हे फूल कोणते?’ असे विचारणारे फोटो येऊ लागतात. फोटो बहुतेक वेळा फक्त फुलाचा, तोही समोरून काढलेला असतो आणि उत्तर रंगावरून दिलेले असते. मोबाइलवरची अ‍ॅपही रंग-रूप जुळवूनच नाव सांगतात. त्यातून काही वेळा निव्वळ गैरसमज होतो, काही वेळा मात्र जिवावरचे दुखणे ओढवू शकते. म्हणून हे पत्र.

ही झाडे येतात कुठून, तर नर्सरीच्या लाल मातीत किंवा शेणखतात दडलेल्या बिया-कंदांतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून आणि कित्येकदा आपल्याच स्वयंपाकघरातून. सुरण चिरताना डोळ्यासकट टाकलेला तुकडा खतखड्ड्यात रुजतो, काही वर्षे नुसते पान काढतो आणि कंद पुरेसा पोसला की एका उन्हाळ्याच्या अखेरीस पान यायच्या आधीच जमिनीतून थेट फूल वर काढतो. तपकिरी-जांभळा, सुरकुतलेला गोळा आणि भोवती घेर, शिवाय मेलेल्या उंदरासारखा वास. घाबरून किंवा कुत्र्याची छत्री समजून लोक ते उपटून टाकतात. तो वास माश्या-किड्यांना परागीकरणासाठी बोलावण्याकरिता असतो आणि जेमतेम एक-दोन दिवस टिकतो. फूल सुकल्यावर त्याच जागी ठिपक्या-ठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखे एकच पान आले, की सुरणाची खात्री पटते.

पानाआधी फुलणारी आणखी दोन झाडे आपल्याकडे नेहमी गोंधळात टाकतात. भुईचाफ्याचे फूल जमिनीला टेकून येते. अरुंद पांढऱ्या पाकळ्या, मधोमध दुभंगलेला जांभळा ओठ आणि सुरेख वास. दुसऱ्या दिवशी ते मलूल होते. पाने पाऊस लागल्यावर येतात आणि खालून जांभळट असतात. फुटबॉल लिली मे महिन्यात लाल चेंडू घेऊन येते, पण तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. शंभरावर बारीक फुलांचा तो गुच्छ असतो. दोन्हींच्या बाबतीत चूक एकच होते: पाने वाळल्यावर कुंडी रिकामी दिसते म्हणून तिच्यात दुसरे रोप लावले जाते. मग खुरप्याने कंद कापला जातो, नाहीतर रोजच्या पाण्याने कुजतो. पाने पिवळी पडली की कुंडीत नाव लिहिलेली काडी खोचावी आणि पाणी तोडावे.

आता कळलावी. ही खरी काळजीची गोष्ट. जुलै ते सप्टेंबर कुंपणावर चढणारा हा वेल. फुलाच्या सहा पाकळ्या कडांना नागमोडी आणि मागे उलटलेल्या असतात. उमलताना त्या हिरवट पिवळ्या असतात आणि पुढे लाल होत जातात. एकाच वेलावर दोन्ही रंग दिसतात, त्यामुळे दोन वेगळे वेल असावेत असे वाटते. नक्की खूण पानात आहे: पानाचे टोक लांबून कुरळा ताणा होते आणि त्यानेच वेल आधार धरतो. मात्र बुडाजवळच्या पानांना हा ताणा बहुधा नसतो, वरची पाने पाहावीत. कंद रताळ्यासारखा, काटकोनात वळलेला, दोन फाट्यांचा असतो आणि खाण्याचा कंद समजून तो शिजवला गेल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

सुरणाच्या जातकुळीतल्या शेवळ्याची भाजी करणाऱ्या घरांत काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घालून खाज मारतात. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची असते आणि नीट शिजवून, आंबट घालून ती आटोक्यात येते. कळलावीतले कोल्चिसिन हे विष मात्र शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर माणूस ठीक दिसतो. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता, उरलेला कंद बरोबर घेऊन, थेट रुग्णालय गाठावे. म्हणून वेल उपटायलाच हवा असे नाही. लहान मुले आणि गुरे पोहोचणार नाहीत अशा जागी तो राहू द्यावा. कंद हाताळताना हातमोजे घालावेत.

ओळख पटवायची तर फोटो सकाळच्या उन्हात, सावली न पाडता काढावेत: फूल समोरून, बाजूने आणि मागून, पान दोन्ही बाजूंनी, पाने खोडाला कशी जोडली आहेत ते, आणि शेजारी पट्टी ठेवून पूर्ण झाड बुडासकट. झाडाला फुले भरपूर असतील तर एक ब्लेडने उभे चिरावे. पाकळ्या, पुंकेसर मोजावेत आणि अंडाशयाचा फुगवटा पाकळ्यांच्या वर आहे की खाली ते पाहावे. फुटबॉल लिली, पावसाळी लिली आणि नागदवण्यात तो खाली असतो, कळलावीत वर. (पहिल्या तिघींचे कंदही पोटात गेल्यास उलट्या होतात. पावसाळी लिलीची पाने कांद्याच्या पातीसारखी दिसतात, हे विशेष लक्षात ठेवावे.) देठ मोडल्यावर चीक येतो का, वास कसा आहे, हे लिहून ठेवावे. चव मात्र घेऊन पाहू नये. एवढे साहित्य जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवले तर उत्तर मिळण्याची शक्यता खूप वाढते.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की वाचकांकडून फुलाबरोबर पानाचा फोटो, गाव आणि फुलल्याची तारीख मागवावी आणि त्यावाचून नाव छापू नये. फूल कळलावीचे असेल, तर नावाशेजारी ‘विषारी’ हा शब्द ठळक अक्षरांत द्यावा.

– वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक, रत्नागिरी