खालची पट्टी आणि काकूंचा कॅलक्युलेटर

धरमपेठ, नागपूर
रविवार, १० मे २०२६

प्रिय बंड्या,

परवा तू फोनवर "काय करून राहिला बे इतक्यात?" विचारलंस आणि मी "सांगतो नंतर" म्हणून फोन कापला. राग आला असेल, पण खरं सांगायची लाज वाटत होती. पंधरा दिवस मी स्क्रीनच्या तळाची पट्टी लावून राहिलो होतो. टास्कबार. हस आता.

आमच्या ऑफिसात कोणाची खुर्ची ठरलेली नाही. उन्हाळ्यात तर जो आधी येतो तो कूलरसमोर बसतो. त्यामुळे कोणीही कुठल्याही मशीनवर आपल्या नावानं लॉगिन करतो, आणि नव्या मशीनवर त्याचं नवं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या नावाची वेगळी मांडणी, तयार होतं. त्यात पट्टीवर मायक्रोसॉफ्टच्या पसंतीची चिन्हं: एज, स्टोअर वगैरे. एक्सेल नाही, हिशेबाचा प्रोग्रॅम नाही. मग मला फोन: "सर, एक्सेल उडालं!" एक्सेल जागेवरच असतं, पण आमच्या लोकांसाठी जे पट्टीवर नाही ते कॉम्प्युटरात नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आम्ही हळूहळू सगळी मशीन ११ वर नेली. प्रोफाइल सगळ्यांचीच नवी झाली, आणि फोनही सगळ्यांचेच.

आधी मी शहाणपणा केला. पट्टीवर पिन केलेले, म्हणजे कायमचे लावलेले, शॉर्टकट ज्या फोल्डरात असतात तो उचलून दुसऱ्या मशीनवर टाकला. काहीच झालं नाही, कारण कोणती चिन्हं कुठल्या क्रमानं दाखवायची हे रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज ठेवतं तिथल्या) 'टास्कबँड' नावाच्या कीमध्ये, म्हणजे नोंदीत, असतं. मग तीही उचलली आणि लॉगिन स्क्रिप्टमध्ये, म्हणजे दर लॉगिनला आपोआप चालणाऱ्या आज्ञांत, घातली. झकास चाललं, दोन दिवस!

तिसऱ्या दिवशी अकाउंटच्या काकू टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "माझा कॅलक्युलेटर रोज सकाळी कोण काढतो?" मीच काढत होतो, बाप्पा. स्क्रिप्ट दर लॉगिनला सगळ्यांची मांडणी पुसून माझी मांडणी बसवत होती. काकूंनी कॅलक्युलेटर पट्टीवर पहिल्या जागी ठेवलेला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, आणि मी रोज त्यांचं सामान उचलून बाहेर ठेवतोय! माझा चेहरा इतका पडला की त्याच मला म्हणाल्या, "जाऊ दे, चहा घे."

त्या रात्री बसून नीट वाचलं. सरळ रस्ता असा: 'लेआउटमॉडिफिकेशन' नावाची एक्सएमएल फाइल करायची, त्यात हवे ते शॉर्टकट क्रमानं लिहायचे, आणि ती डिफॉल्ट प्रोफाइलच्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल या फोल्डरात ठेवायची. नवं प्रोफाइल डिफॉल्टची नक्कल करूनच बनतं, त्यामुळे माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा पट्टी तयार. 'रिप्लेस' लिहिलं तर मायक्रोसॉफ्टची चिन्हं जातात, नाही लिहिलं तर तुझी त्यांच्या जोडीला बसतात. पुढे त्यानं काय काढावं, काय ठेवावं, त्याची मर्जी.

सोपं वाटलं ना? मी दोन तास माझ्याच जुन्या लॉगिननं तपासत बसलो आणि फाइलला शिव्या घातल्या. जुन्या प्रोफाइलला ती लागतच नाही! मग चाचणीचं प्रोफाइल काढायला त्याचा फोल्डर सरळ डिलीट केला, तर विंडोजनं तात्पुरतं प्रोफाइल दिलं. सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या युजर प्रोफाइल्समधूनच काढायचं असतं, हे मला वीस वर्षांत तीनदा कळलं आहे.

एका मशीनवर मात्र हिशेबाचं चिन्ह येईचना. ना एरर, ना काही, जागाच नाही. शेवटी सापडलं: कोणीतरी तो प्रोग्रॅम 'फक्त माझ्यासाठी' म्हणून इन्स्टॉल केला होता. शॉर्टकट त्या एकाच्याच स्टार्ट मेनूत, आणि माझी फाइल बघत होती सगळ्यांच्या सामायिक मेनूत. शॉर्टकट मिळाला नाही की विंडोज ते चिन्ह गुपचूप गाळतं.

साहेबांना आता हे ग्रुप पॉलिसीनं (सगळ्यांना एकदम नियम लावायची विंडोजची सोय) जुन्या लोकांवरही लादायचं आहे, "एकसारखं दिसलं पाहिजे" म्हणून. मी टाळतोय. अगदीच ऐकलं नाहीत तर ११ मध्ये प्रत्येक चिन्हाला 'पिनजनरेशन' चा आकडा देता येतो. मग कोणी एखादं चिन्ह काढलं तर तो आकडा बदलेपर्यंत ते परत येऊन बसत नाही. पण एकसारखं कोणाला दिसायचं आहे, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या ऑफिसात नवा माणूस आला की त्याची पट्टी कोण लावून देतो? लिही. आणि सुट्टी ठरली की आधी कळव. या उन्हात ये असं म्हणणार नाही, पण डिसेंबरात संत्री उतरली की येच, तर्री पोह्याला सकाळी जाऊ.

काकूंचा कॅलक्युलेटर जागेवर आहे. शुक्रवारी मुद्दाम जाऊन पाहून आलो.

तुझा,
पक्या