धुणं कुणाच्या वाटणीचं?

प्रिय दिन्या,

तुझे फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलटा फोन केला नाही. घरात बोलायला आडोसा नाही. जे सांगायचंय ते मेघाबद्दल आहे आणि मेघा कायम हाकेच्या अंतरावर असते. म्हणून हे पत्र. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. बाबांचा गुडघा आहे तसाच. मनूला खाली दोन दात आलेत, सरकत सरकत दारापर्यंत जाते.

तुझ्या ओवीच्या कापडी डायपरची निळी पिशवी तू दिलीस, तिच्यावरूनच हे सगळं आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर तो म्हणेल, लंगोटांवरून एवढं? तू नाही म्हणणार.

पहिले काही महिने फार सुंदर गेले रे. धुणं मी ठरवून माझ्याकडे घेतलं होतं. संध्याकाळी आलो की बादली उचलायची, डायपरच्या पॉकेटमधून इन्सर्ट, म्हणजे शू शोषणाऱ्या घड्या, ओढून काढायचे, आधी गार पाण्याचा छोटा फेरा, मग गरम पाण्यात पुरेसा साबण घालून मोठा. मनू नुसती अंगावर पीत होती तोवर शीचा काही त्रासच नव्हता, पाण्यात विरघळून जायची. वरचं खाणं सुरू झाल्यावर शी वरच्यावर उचलता यावी म्हणून आत लायनरचा पातळ पदर घालायला लागलो. नव्या सुती घड्या आधी पाणी पीतच नव्हत्या. तू सांगितलं होतंस, कापसातलं तेल निघून जायला बरीच धुणी लागतात, तसंच झालं. मायक्रोफायबर झटकन शोषतं, पण मनूला कडेवर घेतलं की दाबाने सगळं बाहेर! मग रात्री त्याच्याखाली हेम्पच्या (भांगेच्या धाग्याच्या) कापडाचा थर द्यायला लागलो. मांडीपाशी फट दिसली की टिचबटणं एक घर आत. हे सगळं हाताला कळायला लागलं होतं. पिवळे डाग उन्हात बघता बघता फिके व्हायचे आणि ते बघायला मी पुन्हा पुन्हा गॅलरीत जायचो. पोरीच्या अंगाला लागणारं कापड आपण धुतो, आपण वाळवतो, आपण घडी घालतो, याचं मला किती सुख होतं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग माझी पाळी बदलली. दुपारी जायचं, मध्यरात्र उलटल्यावर यायचं. धुणं मेघाकडे गेलं. कुणी ठरवलं नाही, कुणी त्यावर बोललंसुद्धा नाही, नुसतं गेलं. तिच्या मदतीला माझी आई आली आणि नातीच्या नाजूक कातडीच्या काळजीने तिने साबण निम्म्यावर आणला. थोड्याच दिवसांत सकाळी डायपर उघडला की नाक झोंबायला लागलं. अमोनिया! शूमधला युरिया जंतू फोडतात, त्याचा हा वास. साबण कमी पडला की जंतू कापडातच मुक्काम करतात आणि नवी शू मिळाली की कामाला लागतात. त्यात आमचं पाणी जड, क्षार साबणाला धड काम करू देत नाहीत. मनूच्या मांड्या लाल झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, लवकर लवकर बदला, थोडा वेळ मोकळं ठेवा, मलम लावा. आता छान आहे. मलम कापडाला लागलं तर शोषण जातं म्हणून मध्ये लायनर, हे तुला सांगायला नकोच. गोट्याच्या लग्नात तू भर मांडवात नवरदेवालाच हे समजावत होतास आणि तो बिचारा मान डोलावत होता!

सुट्टीच्या दिवशी सगळी पिशवी रिकामी केली, पाणी मऊ करायची पूड आणि पुरेसा साबण घालून गरम पाण्यात धुतलं, वास गेला. तो प्रश्न संपला. माझी काळजी वेगळीच आहे.

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा आलो तर मेघा मशीनसमोर जमिनीवर बसून इन्सर्ट भरत होती. सकाळी लवकर तिची मीटिंग. मी म्हटलं, ठेव, मी करतो. ती म्हणाली, “बंद करायचं असेल तर तू बंद कर. मी बंद केलं असं व्हायला नको.” रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. दिन्या, मला झोप लागली नाही. आवड माझी, तिला लागणारे तास मेघाचे, आणि उद्या सोडलं तर कमीपणाही तिच्याच माथी. पिशवी आली त्या दिवशी मी ज्याला-त्याला फोटो पाठवले होते. ते लोक अजून विचारतात, “चालू आहे ना रे?” विचारतात मला. ऐकते ती.

ओवीच्या वेळचं आपलं भांडण आठवतंय? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा तो २००८चा अहवाल मी तुझ्या तोंडावर मारला होता. अडीच वर्षांचा हिशोब, एकदा वापरून टाकायच्या डायपरला सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड आणि कापडीला ५७०, मग कशासाठी घासतोस म्हणून मी ओरडत होतो. तू म्हणालास, पुढचं पान वाच. मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी उतरतो. वहिनींनी दोघांनाही गच्चीवर पिटाळलं आणि आपण तिथेही भांडत राहिलो. ते दुसरं बाळ म्हणजे आमची मनू. तू जिंकलास, दिन्या, आनंदाने मान्य.

पण परवा तो अहवाल पुन्हा उघडला. वीज आहे, पाणी आहे, साबण आहे, कापूस पिकवण्यापासूनचा हिशोब आहे. इन्सर्ट भरत जमिनीवर बसलेलं माणूस कुठल्याच रकान्यात नाही. भांडलो तेव्हा आपल्या दोघांनाही ते सुचलं नव्हतं. वहिनींना तेव्हाच सुचलं असेल, असं मला आता वाटतंय.

वाटलं होतं, आई तरी माझी बाजू घेईल, पण तिला ती घ्यायची नाहीये. ती म्हणाली, “तुझे लंगोट मी हाताने धुतलेत. पावसात वाळायचे नाहीत, तसेच दमट गुंडाळायचे. तेव्हा टाकायचे डायपर मिळाले असते तर एक दिवस धुतले नसते. तिला का छळतोस?” मी गप्प बसलो. तरी मला सोडायचं नाही रे. मनूने घातलेला एकेक डायपर, त्यातलं प्लॅस्टिक आणि शू धरून ठेवणारे ते दाणे, ती मोठी होऊन म्हातारी झाली तरी कुठल्या तरी ढिगात पडून असतील, हे मला सोसत नाही. आणि हे मला सोसत नाही म्हणून मेघाने रात्री जागायचं, हेही सोसत नाही.

सध्या मनात असं आहे की रात्री आणि माझ्या पाळीच्या दिवशी बाजारचे वापरायचे, सुट्टीला कापडी, आणि धुणं एकजात माझं. बादली साठली तर साठू दे, तिने हात लावायचा नाही. पण फार दिवस साठलेलं धुणं म्हणजे पुन्हा तोच वास. मधल्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी एक फेरा लावता येईल, वाळत घालायला वेळ पुरेल का ते बघायचंय. मेघाशी अजून बोललो नाही. ती लगेच “मी करते की” म्हणेल आणि तिला खरंच करायचंय की माझ्यासाठी म्हणतेय, ते मला ओळखता येत नाही. एवढ्या वर्षांनीही येत नाही.

म्हणून तुला एक विचारायचंय. ओवी आठ-नऊ महिन्यांची असताना तुमच्याकडेही कापडी बंद होते. तू एकदा म्हणाला होतास, “मध्ये बंद होतं, मग परत सुरू केलं,” आणि विषय बदललास. त्या मधल्या काळात काय झालं होतं? बंद कोणी केलं, तू की वहिनींनी? आणि परत सुरू करायचं कोणाच्या मनात आलं? वहिनींना न विचारता उत्तर देऊ नकोस. तुझी आठवण तुझ्या सोयीची असते, सहलीच्या वर्गणीपासून बघत आलोय मी.

नवीन नोकरीचं अभिनंदन, साहेब कसा आहे ते कळव. ओवी शाळेत रडत नाही ना आता? काकूंना नमस्कार.

तुझाच,
संज्या

ता. क. दोन कव्हरांचं मांडीचं इलॅस्टिक सैल झालंय, आतला पीयूएलचा, पाणी अडवणारा थर मात्र शाबूत आहे. वहिनींनी मागे इलॅस्टिक बदललं होतं ना? शिवण उसवून की आतून ओवून, तेवढं विचार. शिवायला मी बसणार आहे.