चार टब राहू दे, बाळू

प्रिय बाळू,

काल तू फोनवर म्हणालास ना, बाबा खाणीत सगळे नियम पाळत बसलो तर कोळशाचं टार्गेट कसं होणार, तेव्हा मी नुसतं हं हं केलं कारण तुझी आई बाजूलाच बसली होती. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळीच टाइप करायला घेतलं, लांब होईल पण पूर्ण वाच.

मार्च जवळ आलाय, वरून प्रेशर असणारच, ते मला नवीन नाही, तीस वर्षं अंडरग्राउंडमध्येच काढली. कोल इंडियाचा ९० टक्क्यांहून जास्त कोळसा आता ओपनकास्टमधून, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणीतून, निघतो, आपल्या अंडरग्राउंड खाणी बऱ्याचशा तोट्यात, कधी कुलूप लागेल नेम नाही, म्हणून मॅनेजरही घायकुतीला आलेला असतो, तो वाईट माणूस असतो असं नाही. पण पाळी लागायच्या आधी पत्थर सुटलाय का बघायला छत कोण ठोकतं? सरदार, पाळीतल्या माणसांचा जीव ज्याच्या हाती तो, म्हणजे आता तू. मिथेन गॅस कोण बघतं? सरदार. रिपोर्ट बुकात सही तुझी असते पोरा.

तुला आजवर सांगितलं नाही ते आज सांगतो. तू दुसरीत होतास. दुसरी पाळी संपत आलेली, कोळशाचे चार टब, पटरीवरच्या छोट्या गाड्या, भरायचे बाकी. मी काठीने छत ठोकलं, एका जागी खणखणीत आवाज आला नाही, ढब्ब असा पोकळ आला, आणि फटीतून बारीक भुगा पडत होता, चाळणीतून पीठ पडावं तसा, कॅप लॅम्पच्या उजेडात अगदी स्पष्ट. मला कळलं होतं रे. माणसं मागे घ्यायची, सब्बलने, म्हणजे पहारीने, तेवढा भाग पाडायचा, प्रॉप म्हणजे छताला टेकू लावायचा, अर्धा तास गेला असता. पण सगळे म्हणाले सरदार चारच तर टब आहेत, आणि मी हो म्हणालो. तिसऱ्या टबाला पत्थर खाली आला. पोळ्याला आपल्याकडे जेवायला यायचे ते तुझे कुबडीवाले काका, त्यांचा पाय त्या दिवशी गेला. माझ्या होकाराने गेला. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, तेच जास्त लागतं.

आणि टार्गेटचं म्हणशील तर चौकशी बसली, सेक्शन अकरा दिवस बंद. अकरा दिवस तिन्ही पाळ्या ठप्प, चार टबांपायी. हिशोब तूच कर.

खरं सांगू का, उत्पादन छत तपासण्यात जातच नाही. ते जातं प्रॉपचं लाकूड वेळेवर खाली न आल्याने, टब पटरीवरून उतरल्याने, टब ओढणारं हॉलेज बंद पडून लोक तास तास बसून राहिल्याने. तिकडे लक्ष घाल. आदल्या पाळीच्या सरदाराकडून बाहेर येतानाच विचारून घे उद्या प्रॉप किती लागतील, छताचे बोल्ट किती लागतील. कोळसा तिथून वाढतो.

जुन्या, सोडून दिलेल्या, पाण्याने भरलेल्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हे तू परीक्षेला घोकलंस. १९५४ ला न्यूटन चिखली खाणीत, इथून जवळच, छिंदवाड्याकडे, असंच पाणी आत शिरलं आणि साठाच्या वर माणसं गेली. पुन्हा २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत, ३७५ जण. तेव्हा नियम होता तरी. म्हणून नकाशावर जुनं काम दिसलं की कितीदाही विचार, लाजू नकोस.

गॅस सव्वा टक्क्याच्या वर दाखवला की माणसं बाहेर, पुढे बोलणंच नाही. ओव्हरमन, तुझ्या वरचा साहेब, ओरडला तर तू आवाज चढवू नकोस, फक्त जागा आणि वेळ टाकून बुकात लिही आणि कोणी आत जाऊ नये म्हणून तिथे आडवी बल्ली लाव. धोका दिसला तर माणसं काढायची हे सरदाराचं कामच आहे, १९५७ च्या कोळसा खाणींच्या रेग्युलेशनमध्ये होतं आणि २०१७ च्या नव्यामध्येही आहे, तुझ्यावर कोणी मेहेरबानी करत नाही.

छत ठोकताना दुसऱ्या हाताची बोटं छताला हलकेच टेकव. कान फसतो, पंख्याचा आवाज असतो, पण सुटलेला पत्थर बोटांना थरथरतो. माझी काठी पाठवतोय मामासोबत, टोकाची पितळी टोपी नवीन बसवून घेतलीय. डबा आईने दिलाय. रात्रपाळी सुटून वर आलास की आधी मिस्ड कॉल दे, आठ वाजल्यापासून ती फोन हातात धरून बसते.

तुझा,
बाबा